बाबांपुढचा दिवा

मित्रांनो, मी दिव्यांची एक लाकडी चौकट. जुनी झाले, पण माझे चारही दिवे अजून लागतात. सोंगट्यांचा पट माझ्या मधोमध बसतो आणि ज्याची पाळी त्याच्यापुढे माझा दिवा लागतो. दुसरं मला काही येत नाही, म्हणून माझी गोष्टही पाळीपाळीनेच सांगते.

दिवा बाबांपुढे

बाबा सुतार. रंधा मारून माझं अंग त्यांनी गुळगुळीत केलं. ताई, म्हणजे त्यांची थोरली, रेडिओ दुरुस्त करते. तिनं माझ्या पोटात वायरी घातल्या, प्रत्येक बाजूला एक दिवा आणि एक बटण बसवलं. चाल झाली की बटण दाबायचं, दिवा पुढच्यापाशी जायचा. पाहुणे माझ्या कोपऱ्यांवर बोट फिरवून सांधा शोधत आणि तो सापडला नाही की बाबा मिशीत हसत.

घरचा एक नियम होता. विचार करणाऱ्यानं सोंगटीवर बोट ठेवायचं. बोट आहे तोवर पाळी त्याची, मग समोरचा पेंगला तरी चालेल. बाबांचं बोट तर उठतच नसे. या माणसाबरोबर खेळायचं तर शिदोरी बांधून बसावं लागतं, असं आई म्हणायची.

दिवा आईपुढे

मग बाबांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. शब्द यायचे, पण खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसे, एकेक. डाव मात्र डोक्यात शाबूत होता. संध्याकाळी आई त्यांना खुर्चीत बसवायची, लुळा हात मांडीवर नीट ठेवायची. बाबा डोळ्यांनी सोंगटी दाखवायचे. आई ती चालवायची आणि त्यांचं बटणही दाबायची. दिवसभरात त्यांचं बोलणं काय ते तेवढंच. पण पटावर अजून सगळे त्यांना वचकून असत.

दिवा धाकट्यापुढे

धाकटा मुलगा संगणकाचं काम करतो. आईची दुहेरी धावपळ वाचावी म्हणून त्यानं माझ्या दिव्यांचा ताबा एआय एजंटांना दिला. एजंट म्हणजे स्वतः बघून स्वतः ठरवणारे प्रोग्रॅम. एक वरच्या कॅमेऱ्यातून पट बघायचा, दुसरा त्याचं ऐकून माझे दिवे लावायचा. माझी बटणं काढून टाकली. धाकट्यानं त्यांना घरचा नियम शिकवला: सोंगटीवर बोट आहे तोवर पाळी त्याची. बोट नसेल, तर जरा थांबून दिवा पुढे न्या.

सगळे हरखले. मीही.

दिवा बाबांपुढे

बाबा विचार करत होते. डाव जिंकायला एकच चाल हवी होती आणि ती त्यांना दिसली होती. त्यांनी डोळे आईकडे वळवले आणि

दिवा आईपुढे

पटावर बोट नव्हतं, म्हणून एजंटानं दिवा पुढे नेला. आपल्यापुढे उजेड पडलेला पाहून आईनं सवयीनं स्वतःची सोंगटी चालवली. चूक तिच्या ध्यानात आली, तोवर दिवा ताईपाशी पोहोचला होता. बाबांच्या घशातून आवाज आला.

"अरे, त्यांचं चाललंय अजून," ताई म्हणाली.

"दिवा गेला, ताई. तो कुणाची बाजू घेत नाही, हेच तर बरंय," धाकटा म्हणाला.

पुढच्या फेरीत पुन्हा तेच. आधी सगळे बाबांच्या डोळ्यांकडे बघायचे. आता सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी बाबांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि सोंगटीवर ठेवायला गेले. हात पटावर आपटला. सोंगट्या जमिनीवर घरंगळल्या.

"बाबा, रडीचा डाव नको हं," धाकटा हसत म्हणाला.

त्याला थट्टाच करायची होती.

दिवा ताईपुढे

दुसऱ्या दिवशी बाबांनी आपली खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. ताईला वाटलं, माझाच दिवा बिघडला. तिनं मला खोललं, मीटर लावला. सगळं ठीक. मग तिनं भावाला विचारलं, "बाबांचा हात मांडीवर असतो, हे सांगितलं होतंस त्या एजंटांना?"

धाकट्याचा चेहरा उतरला. "आपल्याला माहीतच होतं ना गं. वेगळं सांगायचं सुचलंच नाही."

एका वाक्याचं काम. ते त्यानं तेव्हा केलं: बाबांची सोंगटी हलेपर्यंत दिवा हलवू नका.

दिवा बाबांपुढे

संध्याकाळी पट मांडला. पहिली पाळी बाबांची. टेबलाची ती बाजू रिकामी होती. धाकटा भिंतीशी, त्यांच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. "बाबा, तुमची पाळी आहे. चला ना."

बाबांनी भिंतीवरची नजर काढली नाही. फार वेळानं त्यांनी दोन शब्द ओढून वर आणले.

"दिव्याला विचार."

एजंट आता शहाण्यासारखे थांबलेत. कुणीच खेळत नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. माझं काही दुखत नाही. आम्हाला दिवे लावायला सांगा, विझवायला सांगा. पण शेजारी बसलेल्या माणसाचं अजून चाललंय का, हे त्याच्या तोंडाकडे बघून तुम्हीच ठरवा. तेवढं तरी आमच्यावर टाकू नका.