सगुणाचा हात

मी आखणीचा ब्रश बोलतोय. गणपतीच्या मूर्तीचे डोळे काढतात, तो. अंगाला रंग मारणारे जाडे ब्रश आणि तो फुसफुसणारा स्प्रे यांच्या रांगेत मला बसवू नका बुवा. त्यांचं चुकलं तर दुसरा हात मारता येतो. माझी रेघ जरा हलली की मूर्ती रुसल्यासारखी दिसते, मग गिऱ्हाईक पुढच्या कारखान्यात जातं.

पेणच्या बाजारात सगुणाने मला निवडलं. दुकानातला एकेक ब्रश ती जिभेला लावून टोक बघत होती. दुकानदार वैतागला, पण ती कसली ऐकतेय! हमरापूरला तिच्या घरामागेच कारखाना. मुलगा नितेश साच्यातून मूर्ती काढायचा, कामावरच्या पोरी रंग द्यायच्या आणि शेवटी सगुणा डोळे उघडायची. रेघ ओढताना ती श्वास रोखायची. तेवढा वेळ सगळ्यांची बडबड थांबायची. मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं तेव्हा.

मग ती विसरायला लागली. आधी शेजारणीचं नाव, मग भातात मीठ घातलं की नाही ते. एकदा रोह्याला दिलेली तिची लेक वैशाली माहेरी आली, तर हिने विचारलं, "तू कोनाची गो, बाय?"

वैशाली हसली, मग मोरीत जाऊन रडली. बाहेर येऊन भावाला म्हणाली, "दादा, आयला डॉक्टरकडं नेऊया."

"काय झालंय तिला? रेघ बघ की जरा. डोकं बिघडलं असतं तर हात थरथरला नसता?"

नितेशला दोष तरी कसा देऊ? आमच्या गावात माणसाची तब्येत हातावरूनच बघतात. हात कापायला लागला की आखणी सुटते, तोवर माणूस ठणठणीत. मलाही तसंच वाटत होतं. तिच्या बोटांत मी असायचो, अन् बोटं पहिल्यासारखीच होती. वर नितेश म्हणाला, "सीझन आहे, गणपती गेल्यावर बघू." गणपती गेले, नव्या ऑर्डरी आल्या, राहिलंच ते.

पुढे एके दिवशी ती कारखान्यात जाते म्हणून निघाली आणि सापडली जिते स्टेशनवर. बाकावर बसली होती, पदराला पुसलेला मी तिच्या मुठीत. घर कुठे, सांगता येईना.

पेणच्या डॉक्टरांनी समजावलं. नावं, चेहरे, कालपरवाच्या गोष्टी मेंदूत एकीकडे राहतात. हाताला लागलेलं वळण राहतं दुसरीकडे. विसरण्याचा हा आजार बहुतेकदा पहिल्या जागेत आधी शिरतो. हाताचं वळण बरेच दिवस टिकतं. तिच्या मुठीतून सोडवून नितेशने मला खिशात ठेवलं होतं, तिथून मी ऐकत होतो. केवढं नवल! पण ऐकून आनंद झाला नाही. "लवकर आणलं असतं तर औषधांनी थोडे बरे दिवस मिळाले असते," डॉक्टर म्हणाले. परतताना रिक्षात नितेशने मला खिशातून काढून पुन्हा आईच्या हातात दिलं.

आता मी पडवीतल्या पेल्यात असतो. केस झडलेत, रंग लागत नाही. आखणी दुसरं कुणी करतं. वैशाली सुट्टी काढून येते, आईचे केस विंचरते आणि दरवेळी विचारते, "मी कोण सांग?" सगुणा नुसती बघत राहते. एकदा तरी हाक मारावी, एवढंच त्या पोरीचं मागणं.

परवा वैशाली तिच्या समोर बसली होती. सगुणाने मला उचललं, दुसऱ्या हाताने लेकीची हनुवटी धरली आणि मला थेट तिच्या पापणीपाशी नेलं. नितेश धावला. वैशालीने हातानेच त्याला थांबवलं. ती हलली नाही. सगुणाने श्वास रोखला, बघितलं, आणि मला खाली घेतलं.

"हिची आखणी झालेली हाय," ती म्हणाली. "कोनी केली? बेस झालेत डोळे."

"तूच केलीस, आये."

"मी?" सगुणाने मान हलवली. "नाय गो, मला नाय आठवत. नीट बाजूला ठेवा हिला. घरचे येतील न्यायला."

तुमच्या घरचं कुणी नावं विसरू लागलं, तर त्याच्या हाताकडे बघून निश्चिंत होऊ नका, बाबांनो. आमच्या वैशालीला न्यायला घरचं माणूस समोरच बसलं होतं.