तिसऱ्यांदा चुकल्यावर

धम्मपालसरांनी कंस उघडला, पुढे दोन शब्द लिहिले आणि कंस बंद न करताच एफ-नऊ दाबलं. निळ्या पडद्याच्या तळाशी पांढरी ओळ आली : ‘कंस उघडा राहिलाय.’ काहीही न बदलता त्यांनी पुन्हा तीच कळ दाबली. पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा पडदा जरा थबकला आणि वेगळी ओळ उमटली.

‘उठा. पाणी पिऊन या.’

अक्षरं इंग्रजी होती, भाषा मराठी. प्रोग्रॅम लिहायचा हा एडिटर सरांनी बनवला तेव्हा पडद्यावर देवनागरी उमटवायची मारामार होती. सर उठले नाहीत, नुसते त्या ओळीकडे बघत राहिले.

“सर, अजून जुन्यातच?” पलीकडच्या टेबलावरून योगिनीनं विचारलं. “आज त्याचं डाउनलोडचं पान काढून टाकायचंय ना?”

“काढू की. पळून जातंय का ते?”

“सोमवारीही तुम्ही हेच म्हणालात.”

सरांनी खालच्या आवाजाकडे कान लावला. त्यांचं ऑफिस गंगापूर रोडवर, दातांच्या दवाखान्याच्या बरोबर वर. खालून मधूनमधून ड्रिलचा आवाज यायचा, आणि असं उत्तर टाळायचं असलं की तो सरांच्या कामी यायचा.

दोन खोल्यांच्या या ऑफिसात ‘चाळणी’ तयार व्हायची. चाळणी म्हणजे पार्सर बनवायचं सॉफ्टवेअर. आता पार्सर म्हणजे काय, हे लग्नाकार्यात कुणी विचारलं की सर ठरलेलं उत्तर देत : शाळेत आपण वाक्याचे तुकडे पाडून कोणता शब्द कुणाशी जोडलाय ते ओळखायचो ना, तेच काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं. विचारणारा समजल्यासारखी मान डोलवून जिलेबीकडे वळायचा.

चाळणीला तिचा स्वतःचा एडिटर होता, कारण त्या काळी ज्याला त्याला स्वतःचा एडिटर लागायचा. माणसं एडिटरवरून हमरीतुमरीवर यायची. ओझरहून एक इंजिनिअर चाळणी शिकायला यायचे. ते काळ्या पडद्यावाल्या, नुसत्या कीबोर्डवर चालणाऱ्या एडिटरचे इतके कडवे की टेबलावर माऊस दिसला की उचलून खणात टाकायचे. मग रंगीत अक्षरांचे एडिटर आले, मग फुकटातले आले, आणि बघता बघता सगळी दुनिया दोन-तीन एडिटरांत येऊन बसली. आता तर आपण लिहायच्या आधीच एडिटर पुढची ओळ फिकट अक्षरांत मांडतो आणि आपण हो म्हणायची वाट बघत बसतो. गिऱ्हाईक फोनवर एवढंच विचारतं, ‘आमच्या एडिटरमध्ये चालेल का?’ योगिनीनं पावसाळाभर खपून चाळणी त्या एडिटरमध्ये बसवली होती. काम चोख होतं. सरांना त्यात खोट काढता आली नव्हती, आणि त्यांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही.

अडलं होतं ते त्या एका ओळीपाशी.

चाळणीचे सुरुवातीचे संदेश सरांनी स्वतः लिहिले होते. ‘एरर ४१७’ असे. ते बघून त्यांची बायको विमल म्हणाली होती, “अहो, माणसांशी तुम्ही असंच बोलता का?” ती शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळी येऊन तिनं एकेक संदेश नव्यानं लिहून काढला. तिसऱ्या चुकीचा संदेश खास सरांसाठी होता. अडलं की त्यांचं डोकं फिरायचं. काहीही न बदलता ते एफ-नऊ बडवत बसायचे. “त्याच जागी तिसऱ्यांदा चुकलं ना, तर तुमच्या कॉम्प्युटरनंच तुम्हाला उठवायला हवं,” ती म्हणाली होती, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षातून, मांडीवर धरून, ऑफिसच्या कोपऱ्यात आजही असलेला माठ घेऊन आली होती. चाळणी विकायला काढली तेव्हा सर ती ओळ काढायला गेले. विमलनं काढू दिली नाही.

विमलला जाऊन सहा वर्षं झाली. ती एक ओळ आपल्या कॉम्प्युटरवर सरांना जन्मभर ठेवता आली असती, ती कोण काढून नेत होतं? पण त्यांना ती स्वतःपुरती नको होती. कुठेतरी कुणी अनोळखी माणूस चुकतोय, वैतागतोय, आणि विमल त्याला पाणी प्यायला उठवते आहे, हे त्यांना हवं होतं. एडिटर बंद झाला की तिचं हे जगाशी बोलणं संपणार होतं. हे योगिनीला सांगायचं कसं, तेच त्यांना कळत नव्हतं. मग ते म्हातारपणच्या हट्टाचं सोंग घेऊन बसले होते.

“योगिनी, ते तिसऱ्या चुकीचं नव्यात नाही का गं आणता येणार?”

“तिसरी चूक होतच नाही ना, सर.” ती खुर्ची फिरवून बसली. “जुन्यात आपण लिहायचो, मग चालवायचो, मग तो सांगायचा. नवा वाटच बघत नाही. कंस राहिला की लगेच खाली लाल रेघ. मोजायचं काय?”

“तेही खरंच.”

ती पुन्हा कामाला लागली. थोड्या वेळानं जिभेनं चक् असा आवाज करून उठली आणि माठापाशी गेली. किती पाणी पिते ही पोरगी, असं सरांना नेहमी वाटे. ती नोकरीला लागली त्या महिन्यात त्यांनी विचारलंही होतं, “तुमच्या कळवणला पाणी नाही का गं?” ती नुसती हसली होती.

खालचा ड्रिल थांबला. आता आणखी ताणण्यात अर्थ नव्हता.

“काढून टाक ते पान,” सर म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

योगिनीनं पान उघडलं, बाण बटणावर नेला आणि तिथंच थांबली.

“सर, एक विचारू? इथं आल्यापासून विचारायचं होतं. आमच्या कॉलेजातलं वाक्य तुमच्या एडिटरमध्ये कसं आलं?”

“कुठलं वाक्य?”

“उठा, पाणी पिऊन या.”

सरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

“आमच्या लॅबमध्ये चालायचं ते,” योगिनी म्हणाली. “कुणाचं तिसऱ्यांदा अडलं की सगळे ओरडायचे, ‘उठा, पाणी पिऊन या!’ मग उठावंच लागायचं, नाहीतर खुर्ची ओढून घ्यायचे. आम्हाला सीनियर्सनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सीनियर्सनी. पाण्याच्या कूलरवर कागदसुद्धा चिकटवलेला. माझी मैत्रीण दिशा पुण्याला असते, परवा लय वैतागलेली, नोकरीच सोडते म्हणाली. तर ग्रुपवर सगळ्यांनी हेच टाकलं. मला तर सवयच लागलीय, सर. तिसऱ्यांदा चुकलं की पाय आपोआप माठाकडे.”

“तुमच्या लॅबमध्ये चाळणी होती?”

“नाही. चाळणी मी इथंच पहिल्यांदा बघितली.”

सरांना आठवलं. योगिनी कॉलेजात जायच्या कितीतरी आधी, पिशवीत सीड्या घेऊन विमल त्याच कॉलेजला गेली होती. दिवसभर लॅबमध्ये मशीनमागून मशीन करत चाळणी बसवली, मुलांना शिकवली आणि संध्याकाळी पाय दुखतात म्हणत घरी आली. ती मशीनं केव्हाच भंगारात गेली असणार, त्यांच्याबरोबर चाळणीही. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. इतका आनंद त्यांना कितीतरी दिवसांत झाला नव्हता, आणि डोळे तर भरूनच आले होते.

“तुम्हीपण तिथंच शिकलात का, सर?”

“नाही गं. आमची विमल आली होती तिथं एकदा.”

“मग मॅडमनी तिथंच ऐकलं असणार,” योगिनी म्हणाली.

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग ते हसले.

“हो, तिथलंच असणार,” ते म्हणाले. “दाब ते बटण.”

तिनं दाबलं. पान गेलं.

सरांनी निळा पडदा बंद केला आणि नवा एडिटर उघडला. कंस उघडून दोन शब्द लिहिले. त्याखाली लाल रेघ आली. त्यांनी कंस बंद केला, रेघ गेली. कंस पुसला, रेघ परत आली. पुन्हा बंद केला, पुन्हा पुसला. तिसऱ्यांदाही नुसती लाल रेघच आली, ओळ काही उमटली नाही. सर खुर्ची मागे सारून उठले आणि माठाकडे गेले.

झाकणाचा आवाज ऐकून योगिनीनं पडद्यावरची नजर न हलवता विचारलं, “तिसऱ्यांदा, सर?”

“हो.”

“मग मलाही आणा एक.”