डावा स्पीकर

स्पीकर निवडायचं काम बाबांनी माझ्यावर सोपवलं, कारण घरात आता सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. हे त्यांचेच शब्द. दिवाळीआधी मी वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यातून पहिली आले. त्याआधीची मैत्रेयी हजेरी देतानाही तोंडातल्या तोंडात 'हजर' म्हणायची. आता मी एसटीत कंडक्टरकडून सुटे पैसे मागून घेते, सरांची चूक उभी राहून सांगते, आणि घरात बोलले की म्हणे गावाबाहेरच्या चुनाभट्टीपर्यंत ऐकू जातं.

कॉम्प्युटर आमच्याकडे कापसामुळे आला. म्हणजे कापूस गेल्यामुळे. बाबा वणीच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायचे. दोन-तीन वर्षांत कापसाच्या गाड्यांची रांग आखडत आखडत फाटकाच्या आत आली, मग फाटकच बंद झालं. ऑफिसातलं सामान विकायला निघालं, तेव्हा बाबांनी कॉम्प्युटर उचलला. आता ते इथेच राजूरला, खाणीवर ट्रकांच्या पावत्या फाडतात, आणि कॉम्प्युटर आमच्या पुढच्या खोलीत बसलाय. पण मुका. सुरू करताना एकदा 'टुक' म्हणायचा, की संपलं.

शेजारच्या बेबीताई तो बघायला आल्या आणि हसून म्हणाल्या, "घरात एक भैरी होतीच, आता मुका बी आणला काय धम्मरत्नभाऊ?"

भैरी म्हणजे माझी आत्या, इंदूआत्या. लहानपणीच तिचे दोन्ही कान गेले. बेबीताई हे बोलत होत्या तेव्हा आत्या त्यांनाच चहा देत होती. सगळे हसले म्हणून तीही हसली. मीही हसले होते. हे लिहायला नको वाटतं, पण हसले होते.

तर स्पीकर. मी वहीत यादीच केली. मोठे आकडे छापलेले डबे घ्यायचे नाहीत. हातात धरून वजन बघायचं, हलका डबा नुसता खोका असतो. दुकानदाराचं धमधम गाणं नको, आपली सीडी लावायची, आणि तीही बोलण्याची, कारण माणसाचा आवाज कसा असतो ते आपल्याला ठाऊक असतं. आवाज पूर्ण वाढवायचा आणि फाटतो का ऐकायचं. पुढच्या बाजूला हेडफोनचं छिद्र हवं.

वणीत नेमसिंगकाकांचं दुकान आहे. बाबांची नि त्यांची जुनी ओळख.

"हे घे बेटा, हजार वॅट!" काकांनी चमचमता डबा पुढे केला.

"काका, आमच्या शाळेतला हजार वॅटचा हीटर लावला की बल्ब मंद होते. हा एवढासा डबा हजार वॅट कुठून आणन?"

काका बाबांकडे बघून म्हणाले, "भाऊ, पोरगी हाये का वकील?"

बाबा मिशीत हसले. मी तीन जोड्या बाजूला सारल्या आणि चौथी घेतली: साधी, काळी, लाकडी, जड. काऊंटरवर दोन्ही डबे एकावर एक ठेवून काकांनी वाजवून दाखवली. आमच्या सीडीवरच्या बाईचा आवाज बाईसारखा येत होता. किंमतही मी पाडून घेतली.

घरी आल्यावर एक स्पीकर डावीकडे ठेवला, एक उजवीकडे, मध्ये मी. कॉम्प्युटरमध्ये एक तपासणी असते. डाव्या चित्रावर टिचकी मारली की फक्त डावा वाजतो, उजव्यावर मारली की उजवा. उजवा खणखणीत वाजला. डाव्यातून काहीतरी बारीक आलं, तेही उजवीकडूनच आल्यासारखं.

मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर बाबांना घेऊन वणी गाठली.

"काका, डावा खराब दिला तुम्ही."

त्यांनी जोडून पाहिला. "दोन्ही वाजून राह्यले ना पोरी."

"घरी नाही वाजत. मी काय खोटं बोलून राह्यली?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. माझा आवाज चढला. काका माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी नवी जोडी काढून दिली. वर एक हेडफोनही पिशवीत टाकला. "हे असू दे. यानं पाह्य, म्हणजे तुले पटन."

जिंकल्यासारखी मी घरी आले. बाबा खाणीवर गेले, आई अंगणवाडीत होती. घरात मी आणि आत्या. नवी जोडी लावली. डाव्या चित्रावर टिचकी मारली.

तेच. बारीक, आणि उजवीकडून.

मी डब्यांच्या जागा बदलल्या. तरी डावीकडचाच मुका. जो डबा उजवीकडे असताना बोलत होता, तो डावीकडे आला की गप्प. मी म्हटलं, तार असेल.

आत्या भाजी निवडत होती, ती उठून आली. तिला गोष्टी हातानं कळतात. खाणीत दुपारी सुरुंग उडतो ना, तर माझ्याआधी तिला कळतं, कारण तिचा हात माठाच्या झाकणावर असतो. तिनं डाव्या स्पीकरच्या कापडावर पंजा ठेवला. मी टिचकी मारली.

आत्यानं मान हलवली. "वाजते."

"नाही वाजत!"

तिनं माझा हात ओढून कापडावर ठेवला. तळव्याखाली स्पीकर थरथरत होता. चांगला, जोरात, पकडलेल्या चिमणीसारखा.

मी हेडफोन काढला. पिन छिद्रात घालून दोन्ही चित्रांवर टिचकी मारली. उजव्या कानात खणखणीत. डाव्या कानात काही नाही. मग हेडफोन उलटा घातला, उजव्याचा डावा केला. आता ज्या वाटीतून मघाशी आवाज आला होता ती डाव्या कानावर होती.

काही नाही.

पुन्हा उलटा केला. काही नाही. आणखी एकदा. मग मला कळलं की मी काय करून राह्यली. खराबी डब्यात नव्हती, तारेत नव्हती. ती माझ्या खांद्यावर बसून माझ्यासोबत दोनदा वणीला जाऊन आली होती.

पावसाळ्यात हा कान वाहायचा. उशीला डाग पडायचा, मी उशी उलटी करायची. मग थांबला. नंतर नुसतं कापसाचं बोंड कोंबल्यासारखं वाटायचं, म्हटलं जाईल. वर्गात डाव्या बाजूच्या मुली मला गर्विष्ठ म्हणायला लागल्या होत्या, हाक मारली तरी बघत नाही म्हणून. आणि माझा तो आवाज! खणखणीत, चुनाभट्टीपर्यंत जाणारा! तो धीट मुलीचा होता, की कमी ऐकू येणाऱ्या मुलीचा? बक्षीस नक्की कशाला मिळालं होतं?

मला दिसायला लागलं की बेबीताई आल्यात, मी चहा देतेय, सगळे हसताहेत, आणि मीही हसतेय. कशाला, ते माहीत नसताना.

आत्या माझ्याकडे बघत होती. तिनं बोट स्वतःच्या कानाला लावलं, मग माझ्या डाव्या कानाला.

"केव्हापासून?" तिनं विचारलं. आत्याला आपला आवाज किती मोठा येतो ते कळत नाही. खिडकी उघडी होती. बाहेर बेबीताई वाळवण घालत होत्या.

मी तिच्या तोंडावर हात दाबला. घट्ट. माझ्या आत्याच्या तोंडावर.

तिनं हात काढला नाही. तशीच उभी राहिली, डोळे उघडे ठेवून. मग मीच काढला. ती खाली बसली, मला समोर बसवलं आणि या वेळी फक्त ओठ हलवून बोलली. तिचे ओठ वाचता येतात, तिनंच लहानपणी खेळात शिकवलं होतं.

"माहा बी आधी एकच कान गेलता," ती म्हणाली. "मी नाही सांगतलं. माय रागावन म्हणून. सालभर नाही सांगतलं. मंग दुसरा बी गेला."

घरात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तापात गेले, एवढंच सगळे सांगायचे.

संध्याकाळी बाबा आले, चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "लाव बरं तुही सीडी." मी सीडी लावली नाही.

"बाबा, स्पीकर चांगला हाये. पह्यला बी चांगला होता." आत्या चुलीजवळून बघत होती. "माहा डावा कान खराब हाये. आयकू नाही येत त्यानं."

बाबा माझ्या डाव्या बाजूला उभे होते. मग फिरून उजवीकडे आले, बसले, आणि अगदी हळू म्हणाले, "उद्या पह्यली गाडी." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यवतमाळच्या दवाखान्यात एका काचेच्या खोलीत मला बसवलं. बाहेर बाबा, आणि हट्टानं आलेली आत्या. तपासणाऱ्या बाईंनी मला जाड हेडफोन घातला. "आवाज आला की बोट वर करायचं. कितीही बारीक असला तरी."

उजवा कान पटापट झाला. मग त्या म्हणाल्या, आता डावा.

काचेतून मला बाहेरच्या मशीनवरचा त्यांचा हात दिसत होता. बटण दाबताना त्यांचा खांदा जरासा हलायचा. माझ्या लगेच लक्षात आलं: खांदा हलला की बोट वर केलं तर मी पास. आज घरी, उद्या शाळेत, कोणाला काही कळणार नाही. बोट गुडघ्यावर उचलायला लागलंसुद्धा.

काचेपलीकडे आत्या उभी होती. तळवा काचेला टेकवून.

मी डोळे मिटले.

काही नाही. काही नाही. छातीचे ठोके तेवढे, तेही आतून. किती वेळ गेला कोण जाणे. बोट खाली होतं आणि मी ते खालीच ठेवलं. त्या आवाज वाढवत असणार, आणि मी बसले होते, त्या स्पर्धेनंतर पहिल्यांदा काही न बोलता, नुसती वाट बघत.

मग खूप लांबून काहीतरी आलं. डासासारखं. आलं का? मला वाटलं म्हणून आलं? मी बोट हलवलं नाही. पुन्हा आलं. डावीकडून. नक्की डावीकडून.

मी बोट वर केलं.