देवराईतली प्लास्टिकची खुर्ची

मी एक खुर्ची. पांढरी, प्लास्टिकची, हातांची. साच्यातून निघाले तेव्हा माझ्यासारख्या इतक्या जणी एकमेकींच्या मांडीत बसल्या होत्या की मी वेगळी कोणी आहे, हे मला बरेच दिवस कळलंच नाही.

मग काकांनी मला घेतलं. काका म्हणजे गावातले कर्ते. देवराईतल्या बैठकीत सगळे जमिनीवर बसत आणि काकांचा गुडघा दुखे, म्हणून मी रानात आले. देवाच्या नावानं राखलेलं रान ते. तिथे मूर्ती नाही, देऊळ नाही. झाडं हाच देव. नियम एकच: रानातलं काही बाहेर न्यायचं नाही. वाळकं पानसुद्धा नाही.

बैठक संपल्यावर काका मला उचलायला लागले, तर एक म्हातारे म्हणाले, "अंहं. रानातली वस्तू आहे."

"अहो, मी सकाळीच आणली."

"आत्ता रानात आहे ना?"

काका लंगडत घरी गेले. मी राहिले.

माझ्यावर शेवाळ धरलं, हातावर वेल चढला, उरलेलं रंगकाम पाखरांनी केलं. मग कोणीतरी माझ्यापुढे फूल ठेवलं. दुसऱ्यानं ते पाहिलं, आणि झालं. लोक माझ्या पाया पडू लागले. पाय चार, तेव्हा सुरुवात कुठल्यापासून करायची यावरून भांडणं झाली. झाडांकडे कोणी बघेना.

काकांची पुतणी कॉलेजातून सुट्टीला आली. तिनं मला मागूनपुढून पाहिलं.

"काका, ही तुमची खुर्ची आहे. पाठीला दुकानाचा स्टिकर आहे अजून."

"होती. आता देव आहे. आणि देव एकदा टेकला की हलवायचा नसतो."

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्याच दिवशी काका सुतार घेऊन आले आणि सगळ्यात जुन्या झाडावर खडूनं फुली मारली.

"देव उन्हात बसलाय," ते म्हणाले. "छप्पर हवं."

"ऊन कुठंय इथे?" पुतणी म्हणाली. "वर झाडं आहेत."

"तीच कापून छप्पर करायचंय. लाकूड रानातच राहणार. नियम कुठे मोडतोय?"

सुतारानं करवत टेकवली. माझ्यासाठी ते झाड पडणार होतं, आणि मला साधं अंगही चोरता येईना.

पुतणीनं वेल सोडवला, मला डोक्यावर घेतलं आणि चालू लागली.

"रानातली वस्तू बाहेर नेतेस?"

"बाहेरचीच होती."

पाया पडायला आलेली मंडळी मागे धावली. पण हिसकावणार कोण? ओढाताणीत देवाचा पाय मोडला तर? म्हणून सगळे नुसतेच मागून चालले. सुतारही आला, करवत खांद्यावर टाकून, मजा बघायला. वाटेतल्या बायकांनी ही देवाची मिरवणूक समजून हात जोडले.

तिनं मला काकांच्या व्हरांड्यात ठेवलं.

"टेकला देव. वर छप्परही आहे. आता हलवा बघू."



झाड उभं आहे. फुली पावसानं धुतली. मी व्हरांड्यात आहे आणि काका रोज माझ्यासमोर उभे असतात, गुडघा धरून. दुसरी खुर्ची आणता येत नाही. देवाच्या बरोबरीनं बसणार कसे? पुतणी मात्र सुट्टीला आली की माझ्यावर ऐसपैस बसून चहा पिते. तेवढा वेळ मी खुर्ची असते.

काका, तुमचा देव तिकडे रानात पानं गाळत उभा आहे. मी बसायची वस्तू. गुडघा दुखतोय ना? मग बसा की हो.