गोळ्यांचे अकरा वाटे

तर कमळ्याला जूनपासून तिसऱ्यांदा ताप भरला, आणि या वेळी भरला तो कुंभिवलीच्या लाद्यांच्या गोदामात, भर दुपारी, सगळ्यांच्या समोर. बाहेर कडक ऊन आणि हा हुडहुडतोय, दात असे वाजतायत की लादी फुटल्यासारखा आवाज. मुकादमानं त्याला टेंपोत घालून घरी पाठवलं, आणि वर सांगितलं, बरा होऊन ये, पण पुन्हा तापानं बसलास तर येऊच नको. बारा महिन्यांचं काम होतं ते. कमळ्याच्या वाडीत असं काम असलेला तो एकटाच. बाकी सगळे आज इथं मजुरी, उद्या तिथं.

वाडी कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वर, डोंगराच्या पोटात, अकरा घरांची. आणि तिथली आरोग्य खात्याची आशाताई म्हणजे पौर्णिमा. कोंडाण्याचीच पोरगी, तेवीस वर्षांची, कामाला लागून जेमतेम चार महिने झालेले. पण तिला एकदा कळलं ना की कमळ्याची नोकरी या तापावर टांगलीय, तिनं मनात पक्कं करून टाकलं, हा ताप चौथ्यांदा येणार नाही म्हणजे नाही.

तिनं कमळ्याला खाली आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर हर्षला मॅडमनी रक्त तपासलं. मलेरिया, वायवॅक्स जातीचा. गोळी सोसेल का ते बघायला रक्ताची अजून एक तपासणी केली, ती ठीक आली, मग दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. तीन दिवसांची क्लोरोक्वीन आणि चौदा दिवसांची प्रायमाक्वीन.

"मागच्या दोन येळेला काय खाल्लं होतंस, कमळ्यादादा?" चढ चढताना पौर्णिमानं विचारलं.

"बाजारातनं आणलेल्या. तीन दिवस खाल्ल्या, ताप गेला."

"गेला नाय, लपला. ओढ्यात खेकडे धरताना बाहेर फिरणारे पयले गावतात का नाय?"

"गावतात."

"आणि बिळातले?"

"ते आत बसतात. आपण गेलो की निघतात बाहेर."

"तेच सांगते मी. रक्तात फिरणारे जंतू तीन दिवसांच्या गोळीनं मरतात. पण बकऱ्याची कलेजी असते ना, तसंच आपल्या पोटात असतं, तिथं थोडे जंतू झोपून ऱ्हातात. महिन्या-दोन महिन्यांनी उठतात आणि परत रक्तात उतरतात. तुला तीनदा ताप नाय आला, एकच ताप तीनदा उठला. ही बारकी गोळी बिळात शिरते. पण तिला चौदा दिवस लागतात. मधी सोडली तर गेलं सगळं पाण्यात."

कमळ्याला ते एकदम पटलं. खेकड्यांचं कुणी सांगितलं की त्याला पटतंच.

पहिले तीन दिवस पौर्णिमा रोज चढून गेली आणि स्वतःसमोर गोळ्या गिळायला लावल्या. बारक्या गोळ्या रोज दोन. पण मग कर्जतला दोन दिवसांचं शिबिर निघालं. तिनं उरलेल्या बावीस गोळ्या कमळ्याच्या आईच्या, पारूच्या, हातात ठेवल्या.

"मावशी, लई भारी गोळी हाय ही. रोग मुळासकट काढते. रोज दोन, आणि जेवल्यावरच. उपाशी पोटी नाय."

"देईन की बाय," पारू म्हणाली.

सहाव्या दिवशी पौर्णिमा वर आली तर कमळ्या ओट्यावर बसून गवताची दोरी वळत होता. चेहरा टवटवीत. तिला बरं वाटलं.

"आजच्या घेतल्यास?"

"माझ्या परवाच संपल्या."

"संपल्या कशा? नऊ दिवसांच्या तरी हायत अजून."

कमळ्यानं आईकडं बघितलं. पारू सूप घेऊन बसली होती, तिनं मान पण वर केली नाही. "वाटल्या," म्हणाली.

"वाटल्या म्हंजे?"

"म्हंजे वाटल्या. घरटी दोन. अकरा घरं, बावीस गोळ्या, बरोबर बसलं."

आता बघा, वाडीचा रिवाजच तसा. ओढ्यात मासे धरले, अकरा वाटे. झाडावरनं मधाचं पोळं उतरवलं, अकरा वाटे, आणि ज्याला मधमाश्या चावल्या त्यालाही तेवढाच. चांगली वस्तू एका घरात खायची आणि शेजारी वास घेत बसायचं, असलं वाडीत कुणी करत नाही. आणि गोळी लई भारी हाय, हे सांगितलं कुणी? पौर्णिमानंच.

पण हे सगळं मनात यायच्या आधी तिच्या डोक्यात दुसरंच लखकन चमकलं. सुरेखा. चौथ्या घरातली, तिसरा महिना. गरोदर बाईला ही गोळी द्यायचीच नाही, पोटातल्या बाळाच्या रक्ताला धोका असतो. पौर्णिमा चप्पल न घालताच पळाली.

"सुरेखा, गोळ्या खाल्ल्यास तू?"

सुरेखा चुलीपासून लांब, तोंडाला पदर लावून बसली होती. "कुठल्या? या?" तिनं पदराची गाठ सोडली. दोन्ही गोळ्या तिथं. "जेवण टिकतंय कुठं पोटात. तू पारूमावशीला म्हणालीस ना, उपाशी पोटी नाय. म्हणून ठेवल्या."

पौर्णिमानं गोळ्या मुठीत घेतल्या आणि तिथंच दारात टेकली.

"काय झालं गं?"

"काय नाय. उलट्या चालूच ऱ्हाऊ दे अजून दोन दिवस."

"वा गं वा," सुरेखा म्हणाली. "चांगली आशाताई हायस."

मग घरोघर. पाच घरांनी पुढच्या तापासाठी डब्यात ठेवलेल्या, त्या मिळाल्या. बाकीच्यांच्या पोटात गेलेल्या. लडकूबाबा, वाडीतला सगळ्यात म्हातारा, तो तर खुशीत होता.

"माझा गुडघा हलका झालाय."

"बाबा, ती गुडघ्याची गोळी नाय. काहींना ती सोसत नाय. लघवी काळी होते का बघा दोन-तीन दिवस."

"या वयात ते पण बघायचं?"

"बघायचं. आणि मला सांगायचं."

"गावात दवंडी पिटू का?" लडकूबाबा म्हणाला, पण बघतो म्हणाला.

वरच्या कातळावर फोनला रेंज यायची. तिथं उभं राहून पौर्णिमानं मॅडमना सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. गोळ्या घरात देऊन गेले, चांगली गोळी म्हणाले, बाकीच्यांना चालत नाही हे बोललेच नाही. मॅडमनी आधी एकच विचारलं.

"सुरेखानं नक्की नाही घेतली?"

"माझ्या मुठीत आहेत, मॅडम."

"बरं. ज्यांनी खाल्ल्या त्यांच्यावर लक्ष ठेव. काळी लघवी, डोळे पिवळे, धाप, काहीही दिसलं की लगेच खाली आण. जमवलेल्या गोळ्या इकडं परत दे. कमळ्याला नवीन पाकीट, पहिल्या दिवसापासून. चौदा दिवस, तुझ्या समोर."

खाली आली तर पारूच्या अंगणात वाडी जमलेली. पौर्णिमानं सरळ सांगून टाकलं की या गोळ्यांचा वाटा होत नाही, त्या कमळ्यानं एकट्यानंच खायच्या.

"त्यानं खायचं आणि आमी बघायचं?" पारू म्हणाली. "लोक काय म्हणतील मला?"

"मला बी बरं नाय वाटणार," कमळ्या म्हणाला.

पौर्णिमानं दोन मिनिटं डोकं खाजवलं. आणि मग म्हणाली, "बघायचंच तर हाय, मावशी. वाटा बघण्याचा करा. गोळी जेवल्यावर लागते ना? मग रोज एका घरानं कमळ्यादादाला जेवू घालायचं. गोळ्या माझ्याकडं, मी आणून देणार. त्यानं गिळल्या का नाय ते त्या घरानं बघायचं. ज्या घराचा दिवस चुकला, त्या घरामुळं कमळ्याचं काम गेलं."

मग लडकूबाबा म्हणाला, "अकरा घरं, चौदा दिवस. वरचे तीन कुणाचे?"

आणि ते तीन दिवस आपल्याच घराला मिळावेत म्हणून जी भांडणं लागली, विचारू नका. पण पौर्णिमा हसत होती, कारण गोळीवरनं कुणीच भांडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवीन पाकीट आलं. कमळ्या कामावर जायला लागला, आणि संध्याकाळी रोज नवीन घर. कुठं नाचणीची भाकरी नि सुकट, कुठं वालाची आमटी, कुठं नुसता भात नि मिरची. जेवण झालं की पौर्णिमा दोन गोळ्या पुढं करायची आणि आख्खं घर त्याच्या घशाकडं टक लावून. लडकूबाबा तर म्हणायचा, "आ कर. जीभ वर कर." खाल्लेल्यांपैकी कुणाला काही झालं नाही, आणि लडकूबाबानं आपल्या लघवीचं वर्तमान रोज, न विचारता, सगळ्यांसमोर दिलं.

नवव्या दिवशी घोळ झाला. गोदामात दोन ट्रक आले, कमळ्याला थांबवून घेतलं. लडकूबाबाचं घर होतं त्या दिवशी. सात वाजले, पत्ता नाही. म्हाताऱ्यानं फडक्यात भाकरी बांधली, काठी घेतली आणि उतरायला लागला. पौर्णिमा मागनं. खाली रस्त्यावर टेंपो थांबला, कमळ्या उतरला, अंगभर लाद्यांची धूळ.

"बाबा, घरी तर येतोच हाय मी."

"आधी खा. वर चढूस्तोवर झोप आली म्हणशील."

त्यानं तिथंच दगडावर बसून भाकरी खाल्ली, गोळ्या गिळल्या, जीभ वर केली. टेंपोवाला बघतच राहिला.

चौदावा दिवस झाला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर, जानेवारी. कमळ्या एक दिवस घरी बसला नाही.

आणि फेब्रुवारीत पारूचा फोन. कातळावरनं. "बाय, पोरगं तापलंय."

पौर्णिमा तपासणीचं सामान घेऊन अशी सुटली की चाळीस मिनिटांची वाट पंचवीस मिनिटांत. मनात एकच, चौदाही दिवस माझ्या समोर गिळल्यात त्यानं. अंगणात अकराही घरं उभी. तिनं कमळ्याच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला, आणि पंधरा मिनिटं सगळे त्या एवढ्याशा पट्टीकडं बघत उभे.

"मलेरिया नाय," पौर्णिमा म्हणाली. तिनं पट्टी उजेडात धरून पुन्हा बघितली. "पट्टीवर तरी नाय. काचेवर पण थेंब घेते, मॅडमना दाखवते. पण नाक बघा त्याचं कसं वाहतंय. साधी सर्दी हाय."

"नक्की?" पारूनं विचारलं.

"बिळात कोण नाय आता, मावशी. पण आजचा दिवस पडून ऱ्हा, दादा."

कमळ्या उठून चप्पल शोधत होता. "पडून कसं चालंल? दोनचा टेंपो गाठायचाय," तो म्हणाला, आणि शिंकत शिंकत उतरायला लागला.