जमादाराचा वैशाख

मी पिंपळगाव राजा या गावच्या मोतीरामचा कुत्रा बोलतोय. नाव जमादार. गळ्यात साखळी आहे, त्यामुळे आवाज जरा घोगरा लागेल.

माझा जन्म पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, ढिगात झाला. डोळे उघडायच्या आधीच मी असा भुंकलो की रानडुक्कर शेत सोडून पळालं, असं म्हणतात. म्हणणारा मीच.

माझं मन महिन्यागणिक बदलतं. भादव्यात भाकर गोड लागत नाही, पाय घरात ठरत नाहीत. पुसाच्या थंडीत अंगात दहा कुत्री शिरतात. एका पुसात मी सशाला थेट मोताळ्यापर्यंत पळवलं. वाटेत दोघंही दमलो, एकाच ओढ्यावर पाणी प्यालो आणि पुन्हा पळालो! वैशाखात मात्र माझा नुसता गोळा होतो. मधल्या खोलीत माठाखालच्या ओल्या जमिनीला पोट टेकवायचं आणि कुणी हात लावला की गुरगुरायचं. मोतीरामच्या बायकोला, पुष्पाबाईला, हे ठाऊक आहे. ती सगळ्यांना सांगते, "त्याले नोका छेडू. त्याचा उन्हाया सुरू झाला."

यंदा ती जागाच गेली. बीटीचं बियाणं आल्यापासून मोतीराम दुसरं काही पेरत नाही. भाव चढेल या आशेवर त्याने सगळा कापूस घरात भरला. वैशाख आला तरी कापूस आत आणि माठासकट माणसं बाहेर. त्या कापसाने सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. मोतीराम खांबाला पाठ घासायचा. ती कला माझीच.

एका दुपारी गाद्या भरणारे अकीलभाई कापूस पाहायला आले. अंगणात सावली होती ती फक्त त्यांच्या मोटारसायकलीखाली. मी तिथे शिरलो. जाताना त्यांनी गाडी मागे घेतली, चाक माझ्या शेपटीवर आलं आणि माझे दात त्यांच्या पोटरीत. यात मी काहीच वाढवून सांगत नाही.

अकीलभाईंनी सुया घेतल्या. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा, जगला तर तो पिसाळलेला नाही. मोतीरामने मला बैलांच्या रिकाम्या कोठ्यात बांधलं. वर पत्रे, खाली तापलेली माती, साखळी दोन हात. बैल इथे कसे राहिले असतील!

अकीलभाई रोज सकाळी दारातून डोकावतात. "काऊन बे जमादार, हायेस ना? तू जगला तं मी जगलो." माझ्या तब्येतीची इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती.

आज नववा दिवस. मी सकाळपासून जीभ आत धरून बसलो होतो, पण आम्हा कुत्र्यांचा घाम जिभेवाटेच जातो. दुपारी सुटली. शेजारचे अर्जुनराव नेमके तेव्हाच आले.

"लाळ गळून राह्यली, मोतीराम! पाण्याले तोंड लावत नाही. पिसाळला हा. काठी आण."

मोतीराम काठी घेऊन आला. मी मागे सरलो, साखळीने पुढे ओढलं.

पुष्पाबाईने माझ्या कटोऱ्यात बोट बुडवलं आणि झटकन काढलं. "या पाण्यात चहा व्हईन! अर्जुनराव, तुमाले बांधतो घटकाभर इथं, मंग पाहू कोनाची लाळ गळते."

तिने अंगणातल्या माठातलं पाणी आणून ओतलं. मी कटोरा चाटून कोरडा केला. तोवर ओरडा ऐकून अकीलभाईही आले होते. ते लहान लेकरासारखे ओरडले, "पेला! पेला बे पेला!"

मोतीरामने काठी भिंतीला टेकवली. साखळीला हात लावला आणि परत काढला. "उद्याचा एक दिवस जाऊ दे," तो म्हणाला.

म्हणून मी अजून इथेच आहे. काठीही इथेच आहे, समोर. ससा खोटा माना, डुक्कर खोटं माना. पण मी पिसाळलेलो नाही, मला फक्त उकडतंय. पुसातला जमादार तुम्हाला आवडतो ना? मग वैशाखातल्यालाही ओळखा. आणि तो कटोरा पुन्हा भरून जरा माझ्याकडे सावलीत सरकवा, माझी साखळी दोनच हात आहे.