डाव्या खांद्यावरची पाकळी

“फणसाला हात लावायच्या आधी बोटांना तेल चोळ गो. चीक पाण्याने जायचा नाय.”

सासूबाईंचं हे जुनं बोलणं जाईबाईंना नेमकं देवीच्या गाभाऱ्यासमोर आठवलं, आणि शिसारी आली. समोर आत्माराम भगताची बोटं तेलाने चकाकत होती.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. होड्या किनाऱ्यावर ओढून झाल्या होत्या, हंगाम रिकामा गेला होता. रिवाजाप्रमाणे आज कौल लावून देवीला विचारायचं होतं, मासळी कुणाच्या सावलीने पळाली? जिचं नाव निघेल तिने वाडी सोडायची, पुन्हा यायचं नाही. नाव दरवेळी बाईचंच निघे. पुरुषाच्या सावलीला मासळी भीत नसावी.

“मोबाईल बंद!” भगत घुमत ओरडला. “आईचा फोटो काढाल तर डोळे फुटतील!”

त्याचा पुतण्या रितेश मात्र काकाचंच रील काढत उभा होता. त्याचे डोळे ठणठणीत होते.

यंदा भगताने नाव पुढे केलं होतं रुपालीचं. नवरा वादळात गेलेला, कडेवर तान्हं, आणि घर अगदी समुद्राच्या तोंडावर. त्याने देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक ओली पाकळी दाबून बसवली.

“उजवी पडली तर दोष हिचा. डावी पडली तर ही मोकळी. बोल आये, बोल!”

थोड्या वेळाने उजवी गळली. लोकांनी घंटा बडवली. रुपालीने पोराला छातीशी घट्ट धरलं. “काकी, मी ह्याला घेऊन कुठे जाऊ?”

जाईबाईंनी पाषाणाच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. देवीला पाणी घातल्याशिवाय त्या रोज तोंडात घोटभर पाणी घेत नसत. आज पहाटे पाषाण धुताना डाव्या खांद्यावर त्यांचा तळवा अडकला होता. कुणी गूळ सांडला असेल, असं म्हणून त्या पुढे गेल्या होत्या.

कालच लेक तेजल कॉलेजच्या पुस्तकातली एक गोष्ट वाचत होती, दरवर्षी एका माणसाला हाकलून देणाऱ्या गावाची. “आई, ह्यात कुणी दुष्ट नाहीच गं. सगळे शेजारीच. मग आशय काय लिहू?” आणि मग म्हणाली होती, “लेखकाने खूण आधीच ठेवलेली असते. पूर्वसूचना म्हणतात. आपण बघतो आणि पुढे जातो.”

जाईबाई उठल्या आणि कळशी घेऊन गाभाऱ्यात शिरल्या.

“जाईबाय, मागं व्हा! कौल मोडेल!” भगत ओरडला.

“पाणीच घालते रे भाऊ. रोज घालते,” त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. कळशी डाव्या पाकळीवर रिकामी केली. पाकळी हलली नाही.

“बघा! आईने धरून ठेवलीय!” भगताने आरोळी ठोकली.

जाईबाईंनी समईतल्या तेलात बोट बुडवलं, पाकळीच्या कडेने चोळलं. ती अलगद हातात आली. होड्यांच्या म्होरक्याने, धाकू तांडेलाने, पुढे होऊन त्या जागी अंगठा टेकवला, नाकाशी नेला.

“मेल्या, ह्यो तर फणसाचा चीक!”

“उजवी पाण्यावर, डावी चिकावर,” जाईबाई म्हणाल्या. “देवीच्या अंगाला चीक फासलास, आत्माराम. किळस येते रे तुझी.”

“रिवाज आहे तो! वाडवडिलांचा!”

“गेल्या वर्षी गुणवंतीला ह्याच रिवाजाने घालवलंस. तिच्या घरावर आज तुझ्या होम-स्टेची पाटी आहे. रुपालीचं घर त्याला लागूनच. देवीला घर कशाला हवंय? हवंय तुला, आणि तोंड तिचं वापरतोस.”

रितेशने फोन खिशात सारला.

“पण मग मासळी का नाय आली?” धाकूने खाली मान घालून विचारलं.

“अंडी घालायच्या दिवसांत बारीक जाळी कोण टाकतं, ते विचारा. समुद्र का तापतोय, ते जाणत्यांना विचारा. पाकळीला काय कळतं? ओली असते तोवर चिकटते, सुकली की पडते. देवीला हात जोडा, मी रोज जोडते. पण तिच्या नावाने कुणी माणूस हाकलायला सांगितलं, तर आधी दगडाला हात लावून बघा.”

रुपालीच्या पोराने टाहो फोडला, आणि धाकूच्या बायकोने त्याला कडेवर घेतलं. “चल गो रुपाली, घरी चल.”

जाईबाईंनी पाषाण तेलाने पुसला, मग पाण्याने. आता पाणी दोन्ही खांद्यांवरून सारखं ओघळलं.

गेल्या वर्षी वेशीवर गुणवंती म्हणाली होती, “जाईबाय, मी काय केलं नाय गो.” त्यांनी तिचा हात धरून सांगितलं होतं, “ठाऊक आहे मला. न्यायला येईन.” ती आता पावस गावी आंब्याच्या बागेत राबत होती.

“आई, मंगळवार ना तुझा? निदान चहा तरी घे,” तेजल म्हणाली.

“गुणवंतीला घेऊन आल्यावर. आज उपास दोघी मिळून सोडू.”

पदर खांद्यावर घेऊन जाईबाई पावसच्या एसटीसाठी उतार उतरू लागल्या.